पाच दिवस फोटो येणार नाहीत

आमच्या शिबिराच्या पत्रकावर ही ओळ ठळक अक्षरांत छापलेली असते आणि दर वर्षी सगळ्यांत जास्त फोन याच ओळीवरून येतात. परवा एका आईचा आला. मुलगी सातवीतली, पहिल्यांदाच घराबाहेर राहणार होती. "सर, रोज नको, पण संध्याकाळी एक तरी फोटो ग्रुपवर टाका ना. जेवली का, एवढं कळलं तरी पुरे." मी त्यांना सांगितलं, की काही बिघडलं तर त्याच तासात तुम्हाला फोन येईल. फोन आला नाही म्हणजे मुलगी ठीक आहे असं समजा. फोटो मात्र पाठवणार नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पण मग तिने काय काय केलं, ते आम्हाला कळणार कसं?"

"घरी आली की तीच सांगेल."

स्काऊट-गाईडची उन्हाळी शिबिरं घ्यायला लागून मला वीस वर्षं होऊन गेली. या काळात माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. शिबिर चांगलं होणार की वाईट, हे मुलं गाडीत बसायच्या कितीतरी आधी ठरतं, पत्रक लिहिताना ठरतं. पालकांना जे कबूल केलं, ते पाच दिवसांत कसंही करून पुरवावं लागतं, आणि जे कबूल केलं नाही त्याला वेळ उरत नाही. म्हणून पुण्यात सध्या शिबिरांची जाहिरात ज्या पद्धतीने होते, ती मला मुलांच्या दृष्टीने घातक वाटते.

मार्च उजाडला की सकाळच्या पेपरातून पत्रकं खाली पडायला लागतात. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, क्लासच्या जिन्यात, रिक्षाच्या पाठीवर तीच. पाच दिवसांत वीस-बावीस उपक्रम. रॅपलिंग (दोराने कडा उतरणं), व्हॅली क्रॉसिंग, रायफल शूटिंग, घोडेस्वारी, तिरंदाजी, शिवाय व्यक्तिमत्त्व विकास आणि नेतृत्वगुण. पालकांना मी दोष देत नाही. दोघंही नोकरीला जातात, सुट्टी लांबलचक असते, मूल दिवसभर मोबाइलला चिकटलेलं पाहून जीव कासावीस होतो. अशा वेळी बावीस उपक्रम हे बारा उपक्रमांपेक्षा जास्त वाटणारच. पण त्या यादीचा हिशोब कुणी मांडत नाही.

मी तो एकदा उन्हात उभं राहून मांडला आहे. स्वतःची शिबिरं सुरू करण्याआधी एका संस्थेच्या शिबिरात मी मदतनीस म्हणून गेलो होतो. मुलं १२०, रॅपलिंगचा दोर एक. हार्नेस बांधायचा, बकल तपासायचं, मुलाने उतरायचं, दोर पुन्हा वर घ्यायचा. घाई न करता केलं तर माणशी सहा मिनिटं लागतात. म्हणजे बारा तास. कार्यक्रमपत्रिकेत वेळ होती सकाळी आठ ते अकरा. अकरा वाजता निम्मी मुलंही झाली नव्हती, आणि जी झाली होती त्यांची बकलं कशी तपासली गेली असतील ते मला माहीत आहे, कारण मी तिथे होतो. साडेबाराच्या सुमाराला पाचवीतला एक मुलगा रांगेतच मटकन खाली बसला. तोंड लाल, कातडी तापलेली, बाटलीत पाणी नाही. त्याला सावलीत नेऊन ओल्या फडक्याने पुसून काढलं, घोट घोट पाणी पाजलं. संध्याकाळी तो सावरल्यावर त्याला हार्नेस चढवला, दोर हातात दिला आणि जमिनीपासून दोन फुटांवर एका दगडावर उभं करून त्याचा फोटो काढला. पत्रकात रॅपलिंग लिहिलेलं होतं, पालकांना ते दिसायला हवं होतं. तो फोटो घरच्यांनी जपून ठेवला असेल. मी काहीच बोललो नाही, याची टोचणी मला अजून आहे.

तेव्हा फोटो छापून हातात द्यायचे. आता ते त्याच मिनिटाला जातात, एवढाच फरक. एखाद्या दादाचं किंवा ताईचं कामच ते होऊन बसतं: दिवसभरात सगळे चेहरे यायला हवेत, नाहीतर रात्री 'आमचा दिसत नाहीये' म्हणून फोन. ज्या माणसाने मुलांकडे पाहायचं, तो पडद्याकडे पाहतो. मुलांनाही ते लगेच कळतं. चुलीत फुंकर घालणारं पोर कॅमेरा आला की मान वर करतं, हसतं, आणि तेवढ्यात जाळ विझतो.

पाण्याजवळ तर हे मला अजिबात चालत नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये मुळशी तालुक्यात, कातरखडकच्या बाजूला, चेन्नईहून शिबिराला आलेली तीन मुलं धरणाच्या पाण्यात बुडाली. त्याआधी २०१६ मध्ये पुण्यातल्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडच्या समुद्रात गेली, तेव्हा डझनाहून जास्त मुलंमुली परत आली नाहीत. या दोन घटनांत नेमकं कुणाचं काय चुकलं, याचा निवाडा मी करणार नाही. पण धरणाचा फुगवटा कसा असतो ते सांगतो, कारण शहरातल्या माणसाला तो तलावासारखा दिसतो. पाण्याखाली जुनी भातखाचरं असतात, त्यांचे बांध असतात. गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल बांधावरून खाली पडतं आणि डोक्यावरून पाणी जातं. तळाला गाळ, पाय रुतले की निघत नाहीत. वरून पाणी संथ. आमच्या पत्रकात 'पाण्यात उतरणार नाही' असं लिहिलेलं असतं, आणि त्यावरूनही दर वर्षी दोन-चार नावं कमी होतात. होऊ देत.

मग आमच्याकडे असतं तरी काय? राजगडाच्या पायथ्याच्या एका गावात जिल्हा परिषदेची शाळा, ३२ मुलंमुली, आठ-आठ जणांचे चार संघ, प्रत्येकाचा एक संघनायक. स्काऊटिंगमधून नेमकं काय उचलायचं असं मला कुणी विचारलं, तर गाठी, शिट्ट्या, स्कार्फ, तो अडकवायचं वॉगल, गणवेश सगळं बाजूला ठेवून मी संघपद्धती उचलेन. स्काऊट चळवळीचे जनक बेडन पॉवेल यांनी १ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राऊन्सी बेटावर पहिलं शिबिर सुरू केलं, तेव्हा त्यांच्याकडे वीसेक मुलं होती. त्यांचेही चार संघ होते. त्यांतली काही मुलं बड्या घरची, महागड्या निवासी शाळांत शिकणारी होती आणि काही आसपासच्या गावांतल्या कामकऱ्यांची. वर्गभेदाने पोखरलेल्या त्या काळच्या इंग्लंडमध्ये त्यांनी ही मुलं वेगवेगळी न ठेवता एकाच संघात मिसळली. तंबू, शेकोटी, माग काढणं हे सगळं होतंच, पण माझ्या मते त्या बेटावरची धाडसाची गोष्ट ही होती.

संघाकडे काम सोपवायचं म्हणजे खरोखर सोपवायचं. पहिल्या संध्याकाळी आम्ही प्रत्येक संघाला तांदूळ, डाळ, कांदे, बेसन, तेल-मीठ मोजून देतो आणि बाजूला होतो. गेल्या वर्षी एका संघाने चुलीचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला केलं. तीन दगड नीट मांडले होते, पातेलंही डुगडुगत नव्हतं, पण वारा मागून येत होता आणि धूर सगळा तोंडावर. एका मुलीने आयुष्यात कधी काडी ओढलेली नव्हती. ती काडी स्वतःच्या अंगाकडे ओढत होती आणि प्रत्येक वेळी पेटायच्या आत दचकून टाकून देत होती. अर्धी पेटी संपली. आमच्या ताई चार हातांवर उभ्या होत्या, पाण्याची बादली पायाशी. हात मागे बांधलेले. चाळीस मिनिटं. मला विचाराल तर शिबिरातलं सगळ्यांत अवघड कौशल्य हेच, आणि ते मोठ्यांना शिकावं लागतं. शेवटी संघनायकाने दगड फिरवले. भात खाली करपला, वर कच्चा राहिला, मधला तेवढा पिठल्याबरोबर खाल्ला. तिसऱ्या दिवशी त्याच मुलीने एका काडीत चूल पेटवली, आणि त्या वेळी कुणीही तिचा फोटो काढला नाही.

एवढ्यासाठी मी फोटोला नाही म्हणतो. तिची ती काडी तिचीच राहिली पाहिजे. घरी सांगायची की नाही, कशी सांगायची, ते तिने ठरवावं.

आता पैशांबद्दल, कारण तिथे आमच्यासारख्यांचंही चुकतं. पुण्यातल्या पाच दिवसांच्या निवासी शिबिराचं शुल्क आज घरकाम करणाऱ्या बाईच्या महिन्याच्या कमाईला जाऊन भिडतं. मग शिबिरात एकाच तऱ्हेची मुलं येतात: कोथरूड, बाणेर, औंधच्या सोसायट्यांतली, एकमेकांसारखीच. दांडेकर पुलाच्या वस्तीतलं किंवा येरवड्यातल्या महापालिकेच्या शाळेतलं मूल तिथे पोचतच नाही. पत्रकच त्याच्यापर्यंत जात नाही. हे मला जास्त खुपतं, कारण आपल्या देशात स्काऊटिंग रुजलं ते याच भांडणातून. १९०९ मध्ये बंगळुरात पहिलं पथक निघालं ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद होतं. ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. पुढे अलाहाबादला मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीची बालचर संघटना उभी केली. वेगवेगळ्या चुली एकत्र होऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' झाली ती ७ नोव्हेंबर १९५० ला, आणि गाईड संघटना त्यात आली १९५१ मध्ये. 'आमच्याही मुलांना' या दोन शब्दांसाठी एवढी खटपट झाली. आज आपल्या शहरात ते दार कायद्याने उघडं आहे आणि शुल्काने बंद आहे.

आम्ही काय करतो? मोफत जागा जाहीर करत नाही. 'मोफतवाला' हे नाव मुलाला चिकटलं की पाच दिवस निघत नाही. शुल्क एकच, पण किती भरायचं ते पालक आणि आम्ही बंद खोलीत ठरवतो आणि वहीत फक्त 'भरले' असं लिहितो. शिवाय स्काऊटिंगमध्ये 'खरी कमाई' नावाची जुनी, उत्तम प्रथा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत मुलं शाळेच्या आवारात भेळेचा स्टॉल लावतात, शिक्षकांच्या गाड्या धुतात, कागदी पिशव्या विकतात, आणि ते पैसे शिबिराच्या सामायिक डब्यात जातात. त्या डब्यातला रुपया बाणेरच्या मुलाचा की वस्तीतल्या मुलाचा, हे नंतर सांगता येत नाही. पत्रक वस्तीत वाटून तर काहीच होत नाही. बचत गटाच्या बैठकीला जाऊन बसावं लागतं, तेही रात्री आठनंतर, बायका कामावरून आल्यावर. तिथे पहिला प्रश्न फोटोचा नसतो. "मुली कुठं झोपणार? रात्री बाईमाणूस कोण असणार?" हे विचारतात, आणि तेच पहिल्यांदा विचारायला हवं.

मिसळणं गोड असतं असं मात्र मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलाच्या सॅकमध्ये खाऊची अकरा पाकिटं निघाली. 'खाऊ आणू नये' हे पत्रकात होतं, तरी आईने भरून दिला होता. रात्री मानसभा, म्हणजे निर्णय घेणारी संघनायकांची बैठक, बसली. मी सल्ल्यापुरता. माझ्या मनात उत्तर तयार होतं: वाटून टाका. मुलांनी ते ऐकून घेतलं. मग वस्तीतून आलेला एक संघनायक म्हणाला, "सर, वाटायचा नाही. त्याचाय तो. आम्हाला नकोय." त्याच्या आवाजात राग नव्हता, पण मान ताठ होती. खाऊ सीलबंद करून ऑफिसच्या कपाटात ठेवायचा आणि शेवटच्या दिवशी त्याला परत द्यायचा असं ठरलं. मी जे करायला निघालो होतो त्यात त्या पोराला दुसऱ्याच्या घरचं हात पसरून घ्यावं लागलं असतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुलांच्या लक्षात आलं. मानसभा ही शोभेची गोष्ट नाही, असं मी तेव्हापासून प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगतो.

काही जण म्हणतात, स्काऊटिंग जुनं झालं, साहेबाचं आहे, शाळांत तर २६ जानेवारीच्या संचलनापुरतं आणि प्रमाणपत्रापुरतं उरलंय. यातलं शेवटचं खरं आहे आणि त्याचं दुःख मलाही आहे. पण एखादी चांगली वस्तू कपाटात पडून गंजली, तर ती घासून वापरायची असते. आपल्याच शहरात, आळंदी रस्त्यावर, जगभरच्या गर्ल गाईड चळवळीच्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी एक आहे: 'संगम'. १९६६ पासून देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात. त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या किती पुणेकरांना ते ठाऊक आहे?

मे महिन्याबद्दल थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या, त्यामुळे शिबिरं सगळी मेमध्ये ढकलली गेली. मेमध्ये ऊन, आणि दुपारनंतर वळीव. गडाच्या धारेवर विजा पडतात, म्हणून चढाई पहाटे साडेपाचला आणि दहाच्या आत खाली. अकरा ते चार मुलं सावलीत: गाठी, नकाशा, गाणी, झोप. पत्रकात हे पाच तास रिकामे दिसतात म्हणून लोक तिथे काहीतरी भरतात. भरू नये. कातळाखाली आग्यामोहोळ असतं, तिथे धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात आज शिल्लक आहे, ते शिबिराच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहायचं, आणि रेंज नसेल तिथून १०८ ला फोन कुठल्या टेकाडावर जाऊन लागतो तेही.

शेकोटीवरून माझे जुने सहकारी माझ्यावर नाराज आहेत. मेमध्ये मी शेकोटी बंद केली. डोंगरावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी उडाली की अख्खा उतार वणव्यात जातो आणि विझवायला गावकरी धावतात. स्वयंपाकाची चूल शाळेच्या अंगणात, भोवतीचं गवत काढून, बादल्या भरून. रात्री कंदिलाभोवती बसतो. शेकोटीविना शिबिर म्हणजे लग्नाविना वरात, असं मला ऐकवलं गेलं. मुलं मात्र कंदिलाच्या उजेडात हळू बोलतात, आणि शेकोटीभोवती जे कधी बोलली नसती ते बोलतात.

आणि पाणी. धरणाच्या उशाला असलेल्या वाड्यांवर मेमध्ये टँकर येतो. अशा गावात शहरातून ३२ मुलं नेऊन त्यांना रोज अंघोळ घालणं मला लाजिरवाणं वाटतं. आम्ही आमचा टँकर वेगळा मागवतो, माणशी दिवसाला वीस लिटर धरतो, आणि प्रत्येक संघाला त्याचं पाणी सकाळीच मोजून देतो. भांडी राखेने घासली की कमी पाणी लागतं, हे मुलं दुसऱ्या दिवशी आपणहून शोधून काढतात.

पालकांनी शिबिर निवडताना उपक्रम मोजायचं सोडावं आणि दुसऱ्या गोष्टी विचाराव्यात. किती मुलांमागे किती मोठी माणसं? त्यांची नावं काय, प्रथमोपचार कुणाला येतो? कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहणार नाही, हा नियम लेखी आहे का? दोर, दरी असं काही असेल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? जागा आधी पाहायला मिळेल का? आम्ही एप्रिलमधल्या एका रविवारी पालकांना स्वारगेटहून वेल्ह्याच्या एसटीने घेऊन जातो. ज्यांनी ती संडासं, तो व्हरांडा आणि दवाखान्याचा रस्ता डोळ्यांनी पाहिला, त्यांचे फोटोसाठी फोन येत नाहीत.

महापालिका आणि जिल्हा परिषदेकडे माझं मागणं एकच आहे. मेमध्ये शेकडो शाळा कुलपात असतात. छप्पर आहे, अंगण आहे, नळ आहे. नोंदणी झालेल्या स्काऊट-गाईड पथकांना त्यांच्या किल्ल्या नाममात्र भाड्याने मिळाव्यात, लेखी अटींवर, आणि अर्जाचं उत्तर मार्चच्या आत मिळावं. रिसॉर्टचं भाडं शुल्कातून वगळलं गेलं की शुल्क निम्म्यावर येतं. आज आम्हाला किल्ली मिळते ती त्या गावच्या गुरुजींच्या भल्या स्वभावामुळे. त्यांची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून.

यंदाच्या पत्रकात मी एक ओळ वाढवली आहे: 'रोज अंघोळ मिळणार नाही.' एका सहकाऱ्याने वाचून ती काढायला सांगितली, नावं कमी होतील म्हणून. ओळ ठेवली. आतापर्यंत ३२ पैकी १९ नावं आली आहेत. एकोणिसावं नाव त्या सातवीतल्या मुलीचं आहे. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिच्या आईने लिहून पाठवलं आहे: 'तिला रात्री दोनदा उठून पाणी प्यायची सवय आहे, तेवढं ताईंना सांगा.'